बिनपाण्याचं कूलंट आणि आपलं खारं पाणी



मगरिबनंतर गॅरेजचं शटर ओढत होतो, तेवढ्यात जळगाव जामोदहून दुल्हाभाईंचा फोन आला. माझ्या चुलत बहिणीचे ते शौहर. पिवळ्या पाटीची, सात माणसं बसणारी डिझेल गाडी आहे त्यांची; नऊ वर्षं झाली, घर त्याच गाडीवर चालतं. म्हणाले, "तुमचा भांजा रोज डोकं खातोय. मोबाइलवर कुठलं तरी कूलंट पाहिलंय त्यानं. म्हणे त्यात पाणी घालायचंच नाही, एकदा ओतलं की गाडी विकेपर्यंत बघायला नको. पैसे मागतोय. द्यायचे का?"

किती मागतोय विचारलं, तर आकडा गाडीच्या महिन्याच्या हप्त्याहून मोठा निघाला.

एरवी मी फोनवरच उत्तर देऊन मोकळा झालो असतो. पण मुलाचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात राजूर घाटात ही गाडी दोनदा गरम झाली होती. दोन्ही वेळा वाफ, दोन्ही वेळा रस्त्याच्या कडेला तासभर मुक्काम, दोन्ही वेळा जवळच्या कॅनमधलं बोअरचं पाणी आत. आणि आता मे महिन्यात बुलढाण्याला निकाह आहे. गाडीत दादी असणार, लहान लेकरं असणार. नांदुरा, मोताळा करत राजूर गाठायचं आणि तिथून दुपारच्या उन्हात भरल्या गाडीनं घाट चढायचा. पोराला काळजी वाटली, त्यानं उपाय शोधला. म्हणून दुल्हाभाईंना म्हटलं, रविवारी गाडी आणि भांजा दोघांनाही मलकापूरला पाठवा.

आधी पाण्याचं बोलतो, कारण आपल्या भागात या दुखण्याचं मूळ तिथं आहे. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत जो खारपाणपट्टा पसरलाय, त्यात आपल्या संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या तालुक्यांतली कित्येक गावं येतात. तिथं बोअर मारली की पाणी लागतं, पण तोंडात धरवत नाही. या भागातल्या किडनीच्या आजारांच्या बातम्या वर्षानुवर्षं येताहेत, आणि बातमी वाचायची गरज नसलेली घरंही पुष्कळ आहेत. वान धरणावरून १४० गावांची पाणीयोजना झाली ती याच कारणानं. घरात आता आपण शहाणे झालोय, प्यायला जार आणतो किंवा मशीन बसवतो. गाडीला मात्र अजून तेच बोअरचं पाणी पाजतो.

काही घरांत तर याहून वाईट चालतं. आरओ मशीन जे पाणी बाहेर टाकतं ते बादलीत धरून ठेवतात. इस्राफ नको, पाणी वाया जाऊ नये, ही नियत चांगलीच आहे. फरशी पुसायला ते पाणी वापरा. पण तेच पाणी रेडिएटरमध्ये ओतलेलं मी पाहिलंय. मशीननं शुद्ध पाण्यातून काढलेला सगळा क्षार त्या बादलीत असतो. म्हणजे बोअरच्या पाण्यापेक्षाही ते जड.

आत गेल्यावर हे पाणी करतं काय? गिझरची कॉइल किंवा रोज पाणी तापवायचं पातेलं आठवा. बुडाला पांढरा, खरबरीत थर बसतो. इंजिनमध्ये पाणी सगळ्यात जास्त तापतं ते सिलिंडरच्या हेडजवळ, म्हणून थरही तिथं आधी बसतो. मग तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. हा थर उष्णता पुढे जाऊ देत नाही. शिवाय खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड आताच्या गाड्यांच्या अॅल्युमिनियमला खातं, बारीक बारीक खड्डे पाडतं. आणि दर वेळी वाफ होऊन जातं ते फक्त पाणी, क्षार आत राहतो. वरून आपण पुन्हा खारं पाणी घालतो, त्याचाही क्षार आतच. लोणारच्या सरोवराला बाहेर जायची वाट नाही, ऊन पाणी उचलून नेतं आणि खार मागे ठेवतं. वारंवार वाफ सोडणाऱ्या रेडिएटरचं तसंच होतं.

आता त्या बिनपाण्याच्या कूलंटकडे येऊ.

ही कल्पना खोटी नाही, हे मी भांज्याला पहिल्यांदा सांगितलं. अमेरिकेतल्या इव्हान्स नावाच्या कंपनीनं असं कूलंट बरीच वर्षं विकलंय, आता इतरही विकतात. आपण नेहमी वापरतो त्या कूलंटमध्ये ग्लायकॉल आणि पाणी साधारण निम्मं निम्मं असतं. या नव्या प्रकारात पाणी जवळपास नाहीच. ग्लायकॉल आणि गंज रोखणारी रसायनं, एवढंच. पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळतं, बुलढाणा शहर साडेसहाशे मीटरच्या आसपास उंच आहे, तिथं ९८ अंशांच्या आगेमागे. हे कूलंट १८० अंशांच्या वर गेल्याशिवाय उकळत नाही. त्यामुळे वाफ धरत नाही, आत फारसा दाब तयार होत नाही, पाइपांवर ताण कमी येतो. पाणीच नाही म्हटल्यावर क्षाराचा थर नाही, गंजही फार कमी. ज्या गाड्या वर्षातून चार-सहा दिवसच बाहेर निघतात, शौकीन लोकांच्या जुन्या मोटारी वगैरे, त्यांना हे चांगलं लागू पडतं.

भांजा खूश झाला. म्हणाला, "मग मामू, हेच घालू या ना!"

म्हटलं, आधी एक गोष्ट ऐक. दुसऱ्या महायुद्धातलं स्पिटफायर विमान तुला माहीत आहे. त्याचं मर्लिन इंजिन रोल्स-रॉइसनं बनवलेलं. सुरुवातीच्या मर्लिनमध्ये निव्वळ ग्लायकॉलच घालत होते, पाणी नाही. पुढे त्यांनी ते बदललं आणि ३० टक्के ग्लायकॉल, ७० टक्के पाणी, वर झाकण लावून दाब, अशी व्यवस्था केली. इंजिन आधीपेक्षा थंड राहू लागलं, जास्त टिकू लागलं, आणि तापलेल्या भागावर ग्लायकॉल गळून आग लागायचा धोकाही कमी झाला. पाण्याकडे ते परत आले, कारण उष्णता उचलून नेण्यात पाण्याची बरोबरी करणारा दुसरा स्वस्त पदार्थ नाही. तेवढ्याच वजनाचं ग्लायकॉल पाण्याच्या साधारण ६० टक्केच उष्णता उचलतं. वर ते दाटही असतं, नळ्यांतून सावकाश फिरतं.

म्हणजे बिनपाण्याचं कूलंट उकळणार नाही, पण इंजिन आधीपेक्षा गरमच चालेल. हा फरक नीट ध्यानात घ्या. उकळणं थांबलं म्हणजे तापणं थांबलं असं नाही. रेडिएटरच्या नळ्या बुजलेल्या असतील, पंखा मंद फिरत असेल, तर आत हे कूलंट असतानाही हेड तापत राहील. फक्त बॉनेटखालून वाफ निघणार नाही. घाटात आपल्यातले बरेच जण काट्याकडे बघत नाहीत, वाफ दिसली की थांबतात. ती खूणच गेली तर हेड वाकल्यावर, पॅकिंग गेल्यावरच कळायचं.

घालायची रीतही कडक आहे. जुनं पाणी सगळं काढावं लागतं, मग त्यांचंच वेगळं धुण्याचं द्रव फिरवावं लागतं, कारण आत ३ टक्क्यांपेक्षा जास्त पाणी राहिलं तर त्याचे गुण उतरतात. आणि मला सगळ्यात खटकली ती गोष्ट इथंच आहे. समजा, संग्रामपूरकडे आत कुठल्या गावात किंवा समृद्धी महामार्गावर मेहकर आणि सिंदखेड राजाच्या मध्ये एखादा पाइप फुटला आणि चार लिटर कूलंट सांडलं. साधं कूलंट असेल तर पाइप बांधून, कुणाच्याही घरचं प्यायचं पाणी घालून गाडी हळूहळू गॅरेजपर्यंत येते. नंतर धुऊन पुन्हा भरता येते. बिनपाण्याच्या गाडीत पाणी घातलं की दिलेले पैसे तिथंच गेले, आणि ते कूलंट त्या वेळी कुठल्या दुकानात मिळणार? भाड्यानं चालणाऱ्या गाडीला हे परवडत नाही. गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या कूलंटशिवाय दुसरं काही घालूच नका.

एवढं बोलणं झाल्यावर आम्ही बॉनेट उघडलं.

पहिली गंमत म्हणजे, थर्मोस्टॅट जागेवर नव्हता. कुणीतरी "गाडी थंड चालते" म्हणून काढून फेकला होता. ही आमच्या धंद्यातली जुनी वाईट सवय आहे. थर्मोस्टॅट नसला की इंजिन सकाळी नीट तापत नाही, डिझेल जास्त खातं, आणि घाटात त्याचा म्हणावा तसा उपयोगही होत नाही. झाकणाचं रबर चिरलेलं होतं. रेडिएटरचं हे झाकण लोकांना किरकोळ वाटतं. ते दाब धरतं, आणि दाब धरल्यामुळेच निम्म्या-निम्म्या कूलंटचा उत्कलनबिंदू सव्वाशे अंशांच्या पुढे जातो. रबर गेलं की तेच कूलंट १०६-१०७ अंशांना उकळायला लागतं. शंभर-दोनशे रुपयांच्या रबराच्या पायी किती जणांची हेडं गेली, काही मोजदाद नाही.

बाहेरून जाळी पाहिली तर चिखल, किडे आणि कापसाची पिंजलेली लव यांचा गच्च पापुद्रा. सरकीच्या आणि जिनिंगच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाड्यांचं हे ठरलेलं आहे. ही जाळी इंजिनच्या बाजूनं बाहेरच्या दिशेनं, पाण्याच्या हलक्या धारेनं धुवायची. गाडी धुणाऱ्यांची जोराची धार लावली तर पातळ पत्रे वाकून पडतात, मग हवाच आत जात नाही.

रेडिएटर उतरवला. आत बॅटरी मारून भांज्याला दाखवलं: दर तीन नळ्यांमागे एक पांढऱ्या-करड्या थरानं पूर्ण बंद. जुने पितळी रेडिएटर असते तर रॉडिंग करून काढून दिलं असतं. या गाडीचा अॅल्युमिनियमचा, वर प्लास्टिकची टाकी. बदलणं हाच मार्ग. भांजा बराच वेळ त्या नळ्यांकडे बघत होता. मग म्हणाला, "घरी सगळे हेच पाणी पीत होतो आपण." मी काही बोललो नाही.

नवा रेडिएटर, थर्मोस्टॅट, झाकण, वरचा एक होज पाइप. इंजिनचा भाग दोनदा बॅटरीच्या पाण्यानं फिरवून धुतला. बॅटरीचं पाणी म्हणजे डिस्टिल्ड पाणी, पेट्रोल पंपावर किंवा बॅटरीच्या दुकानात मिळतं ते. दुकानात मागताना स्पष्ट सांगा, कारण शेजारीच बॅटरीचं अॅसिड ठेवलेलं असतं. मग निम्मं बॅटरीचं पाणी आणि निम्मं कूलंट मिसळून भरलं. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग ग्लायकॉल कशाला, असं काही जण विचारतात. उकळणं लांबवायला आणि गंज रोखायला. निव्वळ डिस्टिल्ड पाणीही घालू नये, ते गंज रोखत नाही.

कूलंट घेताना डब्यावर वाचा की ते तयार मिसळलेलं आहे की घट्ट. तयार मिसळलेल्यात आणखी पाणी घालणारे पुष्कळ भेटतात. आयएस ५७५९ हा भारतीय मानकाचा क्रमांक डब्यावर दिसला तर बरं. रंगावर जाऊ नका. हिरवं, गुलाबी, निळं हे कंपनी आपापल्या मर्जीनं टाकते. वेगवेगळ्या प्रकारांची सरमिसळ करू नका, आणि किती वर्षांनी बदलायचं ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं.

सगळं धरून बिल बिनपाण्याच्या कूलंटपेक्षा थोडं कमीच झालं. पण समजा जास्त झालं असतं, तरी काम हेच करायचं होतं. बुजलेल्या रेडिएटरमध्ये महागातलं महाग कूलंट ओतूनही नळ्या उघडत नाहीत.

आता घाटाचं. काटा मधल्या रेषेच्या वर सरकायला लागला की एसी बंद करा, खालच्या गिअरमध्ये या. तरीही काटा चढतोच आहे तर हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा मोठा करा, खिडक्या उघडा. मे महिन्यात हे सांगताना मलाच हसू येतं, पण हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच असतो, इंजिनची थोडी उष्णता तो बाहेर काढतो. काटा लाल खुणेजवळ गेला की मात्र सुरक्षित जागा बघून थांबा आणि इंजिन बंद करा. समृद्धीवर थांबावं लागलं तर गाडी अगदी डाव्या कडेला घ्या, बायका-मुलांना उतरवून कठड्यापलीकडे नेऊन बसवा. थांबलेल्या गाडीत बसून राहू नका, मागून येणाऱ्यांचा वेग फार असतो.

आणि झाकणाला हात लावू नका. निदान पाऊण तास तरी नाही. माझ्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत जो गुळगुळीत डाग आहे तो सोळाव्या वर्षीचा. शागिर्द होतो, उस्ताद नमाजला गेले होते, गिऱ्हाइकाला घाई होती आणि मला हुशारी दाखवायची होती. फडकं धरून जीपचं झाकण अर्धं फिरवलं, पुढचं मला आठवत नाही, फक्त स्वतःचं ओरडणं आठवतं. उस्तादांनी परत येऊन मला एक शब्द रागाचा म्हटला नाही. हात धरून नळाखाली नेला आणि कितीतरी वेळ तिथंच उभं केलं. आजचे डॉक्टरही तेच सांगतात: भाजलं की वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं. टूथपेस्ट, हळद, तूप, बर्फ काही लावायचं नाही, आणि मग दवाखाना. बिनपाण्याच्या कूलंटमध्ये दाब नसल्यामुळे अशी धार उडत नाही, हा त्याचा गुण मी मान्य करतो. पण शंभर अंशांचं ग्लायकॉल अंगावर पडलं तर तेही भाजतंच.

गाडी थंड झाल्याशिवाय आत थंड पाणीही ओतायचं नाही. तापलेल्या हेडवर एकदम गार पाणी पडलं की तडा जातो.

शेवटची गोष्ट घरातल्या बायकांनी जास्त ध्यानात ठेवावी, कारण पुरुष मंडळी याबाबत फार निष्काळजी आहेत. नेहमीच्या कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं आणि चवीला गोड असतं. काही प्रकारांत, बिनपाण्याच्याही काही प्रकारांत, कमी विषारी प्रॉपिलीन ग्लायकॉल असतं, पण डब्यात नक्की काय आहे हे घरात कुणी वाचत नाही, तेव्हा सगळंच विष समजून वागा. उरलेलं कूलंट पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवायची सवय घराघरात आहे. रंगीत, गोड पाणी, ओळखीची बाटली. लहान मुलाला आणखी काय पाहिजे? मूळ डब्यातच ठेवा, उंच, कुलपात. मुलाच्या पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी ताबडतोब दवाखान्यात न्या, डबा सोबत घेऊन जा. मूल खेळतंय, बरं दिसतंय म्हणून थांबू नका. हे विष किडनीवर जातं आणि त्याला वेळ लागतो.

जनावरांचंही तेच. बकरी ईदच्या आधी अंगणात बोकड बांधलेला असतो आणि शेजारीच गाडीचं काम निघतं. काढलेलं जुनं कूलंट घमेल्यात उघडं राहिलं तर तो पिऊन टाकेल. मांजर, कुत्राही पितात. नालीत, विहिरीजवळ, झाडाच्या बुडाशी ते ओतू नका. डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या, जुन्या ऑइलबरोबर तो ठेवून घेईल; नाही म्हणाला तर गॅरेज बदला.

भांज्यानं जाताना बॉनेटच्या आतल्या बाजूला पांढरी पट्टी चिकटवून कूलंट भरल्याची तारीख लिहिली. मिसळलेलं कूलंट पाच लिटरच्या कॅनमध्ये उरलं होतं, ते मी मोठ्या अक्षरांत 'कूलंट' लिहून डिकीत ठेवायला दिलं. परवा त्याचा फोन आला. दादीनं तो कॅन पाहिला, काय आहे म्हणून विचारलं, आणि ऐकल्यावर माझ्या एका शब्दावर भागवलं नाही. त्यावर लाल खडूनं फुली मारायला लावली आणि मराठीत एकदा, उर्दूत एकदा लिहून घेतलं: हे पाणी पिण्याचं नाही.